पंगत अमृतसरची

नांदेडहून सकाळी सुटणारी सचखंड एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसरला पोहोचते. अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर. या गाडीचे नेहमीचे प्रवासी एका गोष्टीवरून लगेच ओळखू येतात. त्यांच्या सामानात जेवणाचा डबा नसतो, पण थाळी-वाटी मात्र हटकून असते. वाटेत काही स्थानकांवर बादल्या आणि पातेली घेऊन माणसे उभी असतात. गाडी थांबली की दारा-खिडक्यांतून थाळ्या पुढे येतात आणि त्यांत गरम जेवण पडते. पैसे, जात, तिकिटाचा वर्ग, कोणी काही विचारत नाही. नवखा मराठी प्रवासी आधी बुजतो, 'नको, आमचे आहे' असे म्हणतो, आणि पुढच्या स्थानकावर हळूच डब्याचे झाकण पुढे करतो. अमृतसरची ओळख ही अशी, अमृतसर यायच्या कितीतरी आधीच होते.

मुंबईहून जाणाऱ्यांसाठी गोल्डन टेंपल मेल आहे. जुन्या पिढीला ती 'फ्रंटियर मेल' म्हणून आठवत असेल. १९२८ साली सुरू झालेली ही गाडी मुंबईहून थेट पेशावरला जात असे. अमृतसर तेव्हा वाटेवरचे स्टेशन होते, पुढे लाहोर, रावळपिंडी आणि मग सरहद्द. १९४७ नंतर गाडी अमृतसरलाच थांबू लागली. १९९६ मध्ये तिचे नावही बदलले. लाहोर येथून ५० किलोमीटरवर, म्हणजे पुण्याहून लोणावळा असेल त्याहूनही जवळ. पण अमृतसरकरांना ते दिल्लीपेक्षा लांब झाले. वाटेवरचे शहर एका दिवसात टोकाचे शहर झाले. इथले बाजार, खाणावळी, जुनी घरे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पाहिलेल्याचा अर्थ लागत जातो.

अमृतसरचा दिवस सूर्याच्या आधी सुरू करावा. पहाटे चारला सायकलरिक्षा किंवा ई-रिक्षा केली की ती दरबार साहिबजवळ आणून सोडते. सुवर्णमंदिर हे आपण बाहेरच्यांनी रूढ केलेले नाव. इथला माणूस 'दरबार साहिब' किंवा 'हरिमंदिर साहिब' म्हणतो. प्रथम जोडाघरात चपला द्यायच्या. पलीकडे बसून चपला घेणारा, त्यांवरची धूळ पुसणारा गृहस्थ पगारी नोकर असेलच असे नाही. तो शहरातला बडा व्यापारी असू शकतो किंवा परदेशातून सुटीवर आलेला डॉक्टर. डोके झाकायला रुमाल हवा. नसेल तर तिथेच मिळतो. उथळ वाहत्या पाण्यातून पाय धुऊन पुढे गेले की पायऱ्या लागतात, आणि त्या उतरत जातात. आपल्याकडे देवळे टेकडीवर, उंच जोत्यावर. देवाकडे जायचे तर चढावे लागते. इथे उतरावे लागते. खाली सरोवराचे काळे पाणी, मधोमध दिव्यांनी उजळलेली सोनेरी वास्तू आणि सगळीकडे भरून राहिलेले कीर्तनाचे सूर. बरोबरची पोरेसुद्धा पायऱ्यांवर काही क्षण गप्प होतात.

वास्तूला चारी दिशांना दारे आहेत. चौथे गुरू रामदास यांनी १५७७ च्या सुमारास हे सरोवर खोदवले, पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी मंदिर बांधले. पायाचा दगड लाहोरचे सूफी संत मियाँ मीर यांच्या हातून बसवला गेला, असे परंपरा सांगते. १६०४ मध्ये इथे आदिग्रंथाची स्थापना झाली. त्या ग्रंथात शीख गुरूंच्या बरोबरीने कबीर, रविदास, शेख फरीद यांची पदे आहेत, आणि आपल्या नामदेवांची ६१. कीर्तनात मध्येच 'नामा' अशी नाममुद्रा कानावर पडली की मराठी माणूस चमकतो. रागी तबल्या-पेटीवर जे गात असतात ते पंढरपूरच्या शिंप्याचे पद असते. देवळातून हाकलून दिल्यावर नामदेव मागच्या बाजूला जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही औंढा नागनाथची कथा मराठी घरांत आजीच्या तोंडून ऐकलेली असते. देऊळ फिरल्याचे तेच पद या ग्रंथात आहे. नामदेवांनी आयुष्यातला मोठा काळ जिथे काढला असे मानतात, ते घुमान गाव याच भागात, बटाल्याच्या बाजूला आहे. २०१५ मध्ये तिथे ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अनेक मराठी वाचकांनी घुमानचे नाव प्रथमच ऐकले. पंजाबातली माणसे मात्र 'बाबा नामदेव' पिढ्यान् पिढ्या ओळखून आहेत.

आत दर्शनाला रांग असते, सणावारी दोन-तीन तासांची. घाई करू नये. परिक्रमेच्या संगमरवरावर बसून समोरचे सोने उजाडताना रंग बदलते ते पाहावे. हे सोने महाराजा रणजितसिंगांच्या काळातले, एकोणिसाव्या शतकातले. त्याआधी ही वास्तू पडली आणि पुन्हा उभी राहिली. १७६२ मध्ये अहमदशहा अब्दालीने ती सुरुंगाच्या दारूने उडवून दिली आणि सरोवर बुजवले. हा तोच अब्दाली, आदल्या वर्षी पानिपतावर मराठ्यांपुढे उभा ठाकलेला. त्याच्याही आधी, १७५८ मध्ये, राघोबादादांच्या फौजा शिखांच्या साथीने लाहोरपर्यंत आल्या होत्या आणि 'अटकेपार' हा शब्द आपल्या भाषेत कायमचा रुजला. अलीकडची जखम जून १९८४ ची. लष्करी कारवाईत समोरच्या अकाल तख्ताची इमारत उद्ध्वस्त झाली. आज दिसते ती नंतर बांधलेली. त्याविषयी इथे कोणी आपणहून बोलत नाही. पाहुण्यानेही उगाच विषय काढू नये.

बाहेर पडताना कडाह प्रसाद हातावर पडतो. कणीक, तूप आणि साखर समप्रमाणात घेऊन केलेला हा शिरा इतका तुपाळ की ओंजळ चमकू लागते. सत्यनारायणाच्या शिऱ्याची आठवण होते, पण चव निराळी, खरपूस.

आणि मग लंगर. शब्द आपल्या ओळखीचाच आहे: इथेही जेवणाऱ्यांच्या ओळीला 'पंगत'च म्हणतात. संगत आणि पंगत, ही जोडी शीख परंपरेत एका श्वासात उच्चारली जाते. तिसरे गुरू अमरदास यांच्या भेटीला गोइंदवालला आलेल्या अकबर बादशहालाही आधी पंगतीत बसावे लागले, असे सांगतात. दारात थाळी, वाटी आणि चमचा हातात दिला जातो. लांबलचक चटयांवर माणसे मांडीला मांडी लावून बसतात. डाव्या हाताला ट्रकचालक, उजव्या हाताला कॅनडाहून आलेली म्हातारी, समोर गुजरातहून आलेले नवविवाहित जोडपे. बादल्या घेऊन वाढपी धावत येतात. काळ्या उडदाची डाळ, भाजी, खीर. रोटी मात्र थाळीत टाकत नाहीत. दोन्ही हात पुढे करून ओंजळीत घ्यावी लागते. एक हात पुढे केला तर वाढपी थांबतो, हसतो आणि वाट पाहतो. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत बोटाच्या खुणेने पोळी मागवायची सवय असलेल्यांना हे जरा अवघड जाते. लहान मुलांना पटकन जमते.

रोज ५० हजार ते १ लाख माणसे इथे जेवतात. चोवीस तासांत चूल विझत नाही. गर्दीच्या दिवशी रोट्या यंत्रावर होतात, पण बायका परातीभोवती बसून लाटतातही. कोणीही जाऊन बसावे. पीठ हाताला लागले की गप्पा सुरू होतात. सगळ्यांत दणदणाट भांडी घासण्याच्या हौदांपाशी. शेकडो थाळ्या एकमेकींवर आदळत असतात आणि हा आवाज कीर्तनाच्या सुरांबरोबर दिवसभर कानांत राहतो.

लंगरमध्ये पोटभर जेवू नये, असा एक व्यवहारी सल्ला इथे द्यायला हवा. कारण पुढे कुलचा आहे. अमृतसरी कुलचा म्हणजे आपल्याकडे छोल्यांबरोबर मिळणारी पांढरी, मऊ, बेकरीची वस्तू नव्हे. मैद्याच्या पारीला तुपाचे पापुद्रे देऊन, आत बटाटा, फुलकोबी, कांदा, अनारदाणा आणि भरडलेले धणे भरून तो तंदूरच्या भिंतीला चिकटवतात. बाहेर आला की कारागीर दोन्ही तळव्यांत धरून त्याला चुरडतो. पापुद्रे तडकतात आणि त्यांत लोण्याचा गोळा विरघळतो. सोबत छोले आणि चिंच-कांद्याची चटणी. कुठला कुलचेवाला खरा, यावर गावात एकमत होणे अशक्य; प्रत्येक रिक्षावाल्याचा आपला एक असतो. हा सकाळचा खाऊ आहे. दुपार कलली की चांगल्या गाड्यांवरचे तंदूर थंडावतात. पुण्यामुंबईत असा कुलचा का होत नाही, असे विचारले तर ठरलेले उत्तर मिळते: 'पाणी अमृतसरचे हवे.'

त्यावर लस्सी. पितळी किंवा स्टीलच्या उंच पेल्यात वर सायीचा जाड थर, काही ठिकाणी पेढे घुसळून केलेली. एक पेला दोघांत घ्यावा. नाहीतर पुढचा कार्यक्रम रद्द करून झोपावे लागते.

दरबार साहिबपासून चालत काही मिनिटांवर जालियनवाला बाग आहे. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रामुळे मैदान फार मोठे असेल असे वाटते. प्रत्यक्षात चहूबाजूंनी घरांच्या पाठींनी वेढलेली ती एक बंदिस्त जागा आहे. १३ एप्रिल १९१९, बैसाखी. तीन दिवसांपूर्वी डॉ. सत्यपाल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू यांना अटक झाली होती, शहर धुमसत होते. सभेला जमलेल्यांत सणासाठी खेड्यांतून आलेली माणसेही होती. जनरल डायर अरुंद बोळातून शिपाई घेऊन आत आला. बोळ इतका अरुंद की त्याच्या चिलखती मोटारी बाहेरच राहिल्या. सुमारे दहा मिनिटे, १,६५० फैरी. सरकारने मृतांचा आकडा ३७९ सांगितला. काँग्रेसच्या चौकशीने तो हजाराच्या वर नेला. पर्यटकांत एक घोटाळा नेहमी ऐकू येतो, म्हणून सांगायचे: उधमसिंगांनी १९४० मध्ये लंडनला गोळ्या घातल्या त्या डायरला नव्हे, तर तेव्हाचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओडवायर याला. जनरल डायर त्याआधीच, १९२७ मध्ये मरण पावला होता.

२०२१ मध्ये बागेचे नूतनीकरण झाले. त्या बोळाच्या भिंतींवर आता माणसांची उठावशिल्पे आहेत, हसरे चेहरे, पोरे खांद्यावर घेतलेले बाप. ज्या विहिरीत जीव वाचवण्यासाठी लोकांनी उड्या टाकल्या, तिच्याभोवती काच आहे. संध्याकाळी दिव्यांचा आणि आवाजाचा खेळ होतो. यावर इतिहासकारांनी तेव्हाच नाराजी व्यक्त केली होती, आणि ती उगाच नव्हती. उघड्या विटांचा तो बोळ काही न सांगताच सगळे सांगत होता. आता लोक तिथे शिल्पांशेजारी उभे राहून फोटो काढतात. त्यांचाही दोष नाही, जागाच तशी सजवली आहे. गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंतीपाशी मात्र अजूनही आवाज खाली येतो.

इथे आल्यावर रतनदेवीची हकिकत मुलांना सांगावी. बागेजवळच राहणारी ही बाई गोळीबार ऐकून धावत आली. प्रेतांच्या ढिगात तिला नवरा सापडला. रात्री आठनंतर संचारबंदी. प्रेत न्यायला खाट मिळेना, मदतीला कोणी येऊ धजेना. हातात बांबूची काठी घेऊन, कुत्री हाकत, ती रात्रभर तिथे बसून राहिली. आजूबाजूला जखमी विव्हळत होते, एक लहान मुलगा तिला 'जाऊ नकोस' म्हणत होता. काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे तिने ही साक्ष दिली. जवळच कूचा कौडियांवाला नावाची गल्ली आहे. १० एप्रिलला तिथे एका इंग्रज मिशनरी बाईवर हल्ला झाला होता. स्थानिक लोकांनीच तिला वाचवले. डायरने हुकूम काढला की या गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक हिंदी माणसाने पोटावर सरपटत जावे. काही दिवस तो अमलात होता. गल्ली आज साधीसुधी आहे, राहती घरे, लोंबत्या तारा. मुद्दाम विचारले तरच कोणी दाखवते.

दुपारच्या उन्हात टाऊन हॉलमधले फाळणी संग्रहालय बरे. २०१७ मध्ये ते खुले झाले. राजकारणाची मांडणी कमी आणि लोकांनी दिलेल्या वस्तू अधिक: कुलपे, भांडी, पत्रे, वाड्यांच्या किल्ल्या. एका कपाटात फुलकारीचे भरतकाम असलेला एक कोट आणि जवळच चामड्याची एक बॅग आहे. कोट एका मुलीचा, बॅग एका मुलाची. दोघांचे लग्न गुजराँवालाकडे ठरले होते. १९४७ च्या पळापळीत ताटातूट झाली, त्याच्या घरची माणसे मारली गेली. पुढे अमृतसरच्या निर्वासित छावणीत, जेवणासाठी लावलेल्या रांगेत, दोघे अचानक समोरासमोर आले. १९४८ मध्ये त्यांचे लग्न झाले. या कपाटापुढे बायका जरा जास्तच वेळ उभ्या राहतात.

जाणारेही थोडे नव्हते. अमृतसरच्या वस्तीचा मोठा भाग मुसलमानांचा होता. विणकर, कारागीर, व्यापारी असे बहुतेक सगळे पलीकडे गेले. लेखक सआदत हसन मंटो याच गल्ल्यांत वाढला; तो १९४८ मध्ये लाहोरला गेला. हॉल बाजारातली खैरुद्दीन मशीद अजून उभी आहे. आणि येणाऱ्यांनी काय आणले, ते पाहायचे तर चौक पासियाँतल्या 'केसर दा ढाबा'त जावे. ही खाणावळ १९१६ मध्ये शेखूपुऱ्यात सुरू झाली, ते गाव आज पाकिस्तानात आहे. फाळणीत मालकांनी घर सोडले आणि इथल्या गल्लीत पुन्हा चूल मांडली. मोठ्या पितळी हंड्यांत काळी डाळ मंद आचेवर रात्रभर शिजते. तुपात न्हालेले लच्छा पराठे आणि शेवटी मातीच्या वाटीतली फिरनी. गल्ली इतकी चिंचोळी की रिक्षासुद्धा अंग चोरून जाते. मांसाहारी मंडळींसाठी अमृतसरी मच्छी आहेच, बेसन आणि ओव्याच्या आवरणात तळलेली.

खरेदीसाठी फुलकारी आणि जुत्ती तर सगळेच घेतात. शहाण्या गृहिणीने पापड-वड्यांचे दुकान गाठावे. उडदाच्या डाळीत मिरी, धणे घालून, मुठीएवढ्या थापून, उन्हात वाळवलेल्या या वड्या म्हणजे आपल्या सांडग्यांची थोरली बहीण. तिखटपणा मात्र दांडगा. बटाट्याच्या रश्शात एकच फोडून घालावी. वर्षभर टिकतात.

चारच्या सुमारास गाड्या अटारीकडे निघतात. अंतर सुमारे ३० किलोमीटर. वाघा हे गाव खरे तर पलीकडचे, आपल्या बाजूचे अटारी. १९५९ पासून रोज सूर्यास्ताला दोन्हीकडचे झेंडे एकाच वेळी उतरवले जातात. उंच तुरे, डोक्याच्या वर फेकलेले पाय, पायऱ्यांवर बसलेल्या हजारोंच्या घोषणा. काहींना हे पाहून ऊर भरून येतो, काहींना क्रिकेटचा सामना आठवतो, बहुतेकांना दोन्ही. एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर इथली ये-जा बंद झाली. मे महिन्यात सोहळा प्रेक्षकांसाठी पुन्हा सुरू झाला, तेव्हा फाटक न उघडता आणि हस्तांदोलन न करता. समझौता एक्स्प्रेस तर ऑगस्ट २०१९ पासूनच थांबलेली. व्यापारही त्याच महिन्यात बंद पडला. अटारीचे हमाल, ट्रकवाले, रस्त्याकडेचे ढाबेवाले या व्यापारावर जगत होते. परतताना वाटेतल्या ढाब्यावर चहा घेतला आणि मालकाला 'धंदा कसा आहे?' एवढे विचारले, तर अर्धा तास मोडतो. तो मोडावा. झेंड्यांच्या कवायतीत जे दिसत नाही, ते तिथे ऐकायला मिळते.

रात्री पुन्हा दरबार साहिब. दहाच्या सुमारास, ऋतूप्रमाणे थोडे मागेपुढे, गुरू ग्रंथ साहिबची पालखी अकाल तख्ताकडे निघते. नरसिंगे वाजतात. पालखीला खांदा द्यायला माणसांची झुंबड उडते. क्षणभर हात लागला तरी पुरे. पालखी ही मराठी डोळ्यांना नवी नाही, त्यामुळे आळंदी-देहूची माणसे नकळत पुढे सरकतात. मग गर्दी पांगते. लांबून आलेले यात्रेकरू परिक्रमेच्या ओवऱ्यांत अंथरूण टाकतात. सेवेकरी बादल्यांनी संगमरवर धूत असतात. लंगरच्या बाजूने थाळ्यांचा आवाज येतच असतो, आणि सकाळच्या भाजीसाठी लसणाचे ढीग चटईवर ओतलेले असतात. कोणी अनोळखी बाई तिथे रेंगाळलेली दिसली, की सोलत बसलेल्या बायका न बोलता थोड्या सरकतात आणि मुठीएवढा ढीग तिच्या पुढ्यात लोटतात.